पुण्याचा तह, हेगचा निकाल, दिल्लीतली सही

१७७९ च्या डिसेंबरात पेशवे दरबार आणि गोव्याचे पोर्तुगीज सरकार यांच्यातला मैत्रीचा तह पुण्यात पक्का झाला. गादीवर पाच वर्षांचे सवाई माधवराव, कारभार नाना फडणविसांच्या हाती, आणि इंग्रजांशी लढाई चाललेली. अशा वेळी पश्चिम किनाऱ्यावर आणखी एक वैरी नको, हा साधा हिशेब होता. मराठा आरमाराने पोर्तुगीजांच्या ‘सांताना’ जहाजाचे नुकसान केले होते, त्याच्या भरपाईचा तगादाही मागे होता. तहात ठरले, की दमणजवळच्या मुलखातून वर्षाला बारा हजार रुपयांचा वसूल पोर्तुगीजांना लावून द्यायचा. पुढे १७८३ आणि १७८५ मध्ये सनदा निघाल्या आणि गावे नेमून दिली गेली. ही गावे म्हणजेच आजचे दादरा आणि नगर हवेली.

हा कागद तेवढ्यावरच विसरला गेला असता. पण पावणेदोनशे वर्षांनी तो हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात उघडला गेला आणि त्यातल्या एका मराठी शब्दावर दोन देशांचे वकील भांडले. शब्द होता ‘सरंजाम’.

भारत आणि पोर्तुगाल यांचे संबंध कसे तुटले आणि कसे जुळले, हे आपल्याकडे अर्धेच सांगितले जाते. पुण्याला गोव्याचा लढा पाठ आहे आणि तो असायलाच हवा. पण ज्या कागदांनी तो लढा खऱ्या अर्थाने मिटवला, ते कागद आपण वाचत नाही. दोन दुरावलेले देश जवळ येतात ते हस्तांदोलनाच्या छायाचित्रामुळे नव्हे. कलमात कोणता शब्द घातला, कोणती तारीख लिहिली आणि कोणती मुद्दाम लिहिली नाही, यावर ते ठरते.

आधी हेगचे प्रकरण. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी दादरा आणि नगर हवेली मोकळी केली. सुधीर फडके त्या मोहिमेत होते, हे मराठी माणसाला सांगायला नको. नकाशा पाहिला की पोर्तुगीजांची अडचण कळते. दमण समुद्रकाठी, ही गावे आत, आणि मधली सगळी जमीन भारताची. बंड मोडायला दमणहून शिपाई पाठवायचे तर भारताच्या हद्दीतून जावे लागणार, आणि भारताने वाट नाकारली. १४ डिसेंबर १९५५ ला पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळाले. १९ तारखेला त्याने न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य केल्याचा कागद दिला आणि २२ तारखेला भारताविरुद्ध दावा लावला. आठ दिवसांत सगळे उरकले, यावरून तयारी किती आधीपासूनची होती ते दिसते.

पोर्तुगालचे म्हणणे असे, की १७७९ च्या तहाने आणि त्यानंतरच्या सनदांनी मराठ्यांनी हा मुलूख आम्हाला सार्वभौम हक्काने दिला, आणि मुलूख दिला म्हणजे तिथे जायची वाटही दिली. भारताकडून मोतीलाल सेटलवाड उभे होते आणि न्यायपीठावर भारताने नेमलेले न्यायमूर्ती म्हणून महंमदअली करीम छागला बसले होते. भारताने दोन गोष्टी मांडल्या. एक, हा तह कायद्याने कधी पुरा झालाच नाही. दोन, झाला असे धरले तरी त्याने दिला तो फक्त वसूल.

पहिला मुद्दा न्यायालयाने मानला नाही. मराठ्यांनी स्वतःच तह पाळला, नंतरच्या कागदांत त्याचा हवाला दिला, मग तो झालाच नाही असे कसे म्हणायचे? दुसरा मुद्दा मात्र मान्य झाला. सरंजाम म्हणजे चाकरीसाठी किंवा खर्चासाठी लावून दिलेला महसूल. देणारा तो परत घेऊ शकतो आणि जमिनीवरचा अंतिम हक्क देणाऱ्याचाच राहतो. असा सरंजाम दिल्याने सार्वभौमत्व गेले याचा एकही दाखला आपल्यापुढे आणला गेला नाही, असे न्यायालयाने नोंदवले. पेशवे दफ्तरात बसलेल्या कारकुनाला हा फरक झोपेतही माहीत असेल. ज्याने तो शब्द नेमका लिहिला, त्याचे ऋण १९६० साली भारताच्या कामी आले.

पण गोष्ट इथे संपत नाही. १८१८ नंतर मराठ्यांच्या जागी इंग्रज आले. त्यांनी पोर्तुगीजांना त्या गावांचे धनी म्हणून वागू दिले, हरकत घेतली नाही. न्यायालय म्हणाले, की मराठ्यांनी न दिलेले सार्वभौमत्व इंग्रजांच्या मूक संमतीने तयार झाले, आणि स्वतंत्र भारतानेही ते गृहीत धरले. राजनयात गप्प बसणे हेही एक निवेदन असते. शेजारी देशाने नकाशावर चार रेघा सरकवल्या, की परराष्ट्र खाते निषेधाचा खलिता का पाठवते आणि असे खलिते वर्षानुवर्षे का पाठवत राहते, याचे उत्तर इथे आहे. त्या खलित्याने लगेच काही हलत नाही. तो मौनाचा अर्थ लागू नये म्हणून असतो.

१२ एप्रिल १९६० चा निकाल तीन थरांचा आहे. खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि साधा माल यांना वाटेचा हक्क होता, हे ११ विरुद्ध ४ मतांनी. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना तसा हक्क नव्हता, हे ८ विरुद्ध ७ मतांनी, म्हणजे एका मताने. आणि १९५४ साली तिथे जो तणाव होता तो पाहता, वाट बंद करून भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, हे ९ विरुद्ध ६ मतांनी. दोन्ही देशांना घरी जाऊन ‘आम्ही जिंकलो’ म्हणता आले. तरीही दोघांमध्ये बोलणे सुरू झाले नाही, कारण तोवर दोघांच्याही वकिलाती बंद होत्या.

त्या बंद कशा झाल्या, हेही पाहण्याजोगे आहे. संबंध एका दिवसात तुटत नाहीत, एकेक खिळा उपटावा लागतो. १९४९ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांकडे लिगेशन उघडले, म्हणजे राजदूतावासाच्या एक पायरी खालची कचेरी. २७ फेब्रुवारी १९५० ला भारताने गोव्याबद्दल बोलणी करू या, असे लेखी कळवले. लिस्बनचे उत्तर आले, की यात बोलण्यासारखे काही नाही. १९५१ मध्ये पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांच्या सरकारने घटना दुरुस्त केली आणि ‘वसाहती’ हा शब्द काढून ‘सागरापारचे प्रांत’ असा शब्द घातला. पुन्हा शब्दच. वसाहत सोडून देता येते, प्रांत सोडायचा म्हणजे देशाचा तुकडा तोडायचा. या एका बदलाने लिस्बनने स्वतःच्याच परतीची वाट बुजवली. जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधले लिगेशन बंद केले. ऑगस्ट १९५५ मध्ये दिल्लीतले पोर्तुगीज लिगेशन बंद करायला लावले.

कचेरी बंद झाली तरी कामे बंद होत नाहीत. परक्या देशात कोणी मरतो, कोणाला अटक होते, कोणाचा पासपोर्ट संपतो. म्हणून तिसऱ्या देशाला विनंती करायची, की आमच्या माणसांचे तुम्ही पाहा. भारतात पोर्तुगालचे हितसंबंध ब्राझीलने सांभाळले आणि भारताचे काम इजिप्तकडे गेले. राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना करारात ४५ वे कलम याचसाठी आहे. संबंध तुटले तरी यजमान देशाने इमारत, सामान आणि दफ्तर यांना हात लावायचा नाही, आणि त्यांची राखण तिसऱ्या देशाकडे सोपवता येते. अडचण अशी, की तिसऱ्या देशाच्या वकिलाला आपले स्वतःचे संबंध बिघडवायचे नसतात. तो निरोप पोचवतो, भांडत नाही.

याची झळ कोणाला बसली? मोहन रानडे यांना. सांगलीचा हा तरुण आझाद गोमंतक दलात होता. १९५५ मध्ये बेतीच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला आणि २६ वर्षांची शिक्षा झाली. गोवा १९६१ साली मुक्त झाला, पण रानडे तेव्हा लिस्बनजवळच्या काशियस किल्ल्यात होते. भारताची वकिलात नाही, भेटायला जाणारा अधिकारी नाही, अर्ज द्यायला खिडकी नाही. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी समिती उभारली. तामिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी थेट पोपकडे शब्द टाकला. एका मराठी कैद्यासाठी द्रविड चळवळीतला नेता रोमला जाऊन बोलतो, ही माणुसकी आपण विसरता कामा नये. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले, गोवा मुक्त झाल्यानंतर सात वर्षांनी. जून २०१९ मध्ये त्यांचे पुण्यात निधन झाले.

पुण्याचा वाटा एवढाच नव्हता. केशवराव जेधे, जयंतराव टिळक, एसेम जोशी, नानासाहेब गोरे हे एरवी एकमेकांवर तुटून पडणारे लोक गोवा विमोचन सहायक समितीच्या निमित्ताने एकत्र आले. १८ मे १९५५ ला पहिली मोठी तुकडी हद्द ओलांडून गेली, ती नानासाहेब आणि पंचाहत्तरीला टेकलेले सेनापती बापट यांच्या पुढारपणाखाली. महादेवशास्त्री जोशी यांच्या पत्नी सुधाताई त्याआधीच, एप्रिलमध्ये, म्हापशाला सत्याग्रह करून तुरुंगात गेल्या होत्या. पुण्यात जन्मलेले मधू लिमये जुलैत गेले. नानासाहेबांना दहा वर्षांची शिक्षा झाली, १९५७ मध्ये ते सुटले. पुढे ते पुण्याचे महापौर झाले आणि १९७७ मध्ये लंडनला भारताचे उच्चायुक्त म्हणून गेले. युरोपातल्या एका राजवटीच्या कैद्याने युरोपातल्याच दुसऱ्या राजधानीत आपल्या देशाची वकिली केली. सेनापती बापट रस्त्यावरच्या सिग्नलला थांबलेल्या तरुणांना यातले थोडे तरी कोणी सांगावे, असे मनापासून वाटते.

भारताने गोव्याची जी नाकेबंदी केली, तिचा त्रास मात्र सालाझारांपेक्षा गोवेकरांना जास्त झाला, हेही मान्य केले पाहिजे. १९५५ मध्ये कॅसल रॉककडून गोव्यात उतरणारी रेल्वे थांबली. परवान्याशिवाय येणे-जाणे बंद झाले. मुंबईत राबणाऱ्या गोवेकराला घरी पैसे पाठवणे कठीण झाले. गोव्यात बटाटे नेदरलँड्सहून आणि सिमेंट जपानहून येऊ लागले. बेळगावचा बटाटा घाटापलीकडे पडून आणि पणजीच्या बाजारात डच बटाटा. नाकेबंदीने सरकार झुकत नाही, ते दुसरा पुरवठादार शोधते. वाकतो तो घरखर्च.

१९६१ च्या डिसेंबरची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. गोव्याचे पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हसालो ई सिल्वा यांनी शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम बाजूला ठेवला आणि १९ तारखेला शरणागतीवर सही केली. त्यामुळे पणजी वाचली. त्यांच्या देशाने त्यांना लष्करातून काढून टाकले. तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज युद्धकैदी मे १९६२ पर्यंत इथे अडकून होते आणि तिकडे मोझांबिकमध्ये पोर्तुगीजांनी तिथल्या भारतीयांना नजरकैदेत टाकून त्यांची मालमत्ता गोठवली. पिढ्यान्‌पिढ्या तिकडे दुकान चालवणाऱ्या माणसाचा गोव्याशी काय संबंध? पण संबंध तुटले की सर्वांत दूरचा माणूस आधी सापडतो.

यानंतर तेरा वर्षे काहीच हलले नाही. लिस्बनच्या लेखी गोवा हा पोर्तुगालचाच प्रांत, फक्त परक्याच्या ताब्यातला. मग २५ एप्रिल १९७४ ला आफ्रिकेतल्या युद्धांना कंटाळलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथवली. तरी नव्या सरकारला ‘गोवा भारताचा’ असे नुसते जाहीर करून चालणार नव्हते, कारण जुन्या घटनेत तो देशाचा भाग होता. परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरेस सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला सरदार स्वर्णसिंगांना भेटले. ऑक्टोबरमध्ये पोर्तुगालने करार करायची मोकळीक देणारा कायदा केला. त्याच ऑक्टोबरात भारताचे परराष्ट्र खाते यशवंतराव चव्हाणांकडे आले. ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत सोआरेस आणि यशवंतराव यांनी तहावर सह्या केल्या. १९६१ मध्ये गोव्याला लागून असलेल्या महाराष्ट्राचे जे मुख्यमंत्री, त्यांचीच ही सही. यशवंतरावांच्या चरित्रातले हे पान आपण फार भरभर उलटतो.

तह छोटा आहे, पण पहिल्या कलमाची बांधणी पुन्हा पुन्हा पाहावी अशी आहे. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचे भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगाल मानतो, ते कधीपासून? ‘भारतीय राज्यघटनेनुसार ते प्रदेश भारताचे भाग झाले त्या तारखांपासून.’ एकाही वर्षाचा उल्लेख नाही. उत्तरासाठी आपली घटना उघडावी लागते. दादरा आणि नगर हवेली, दहावी दुरुस्ती, ११ ऑगस्ट १९६१. गोवा, दमण आणि दीव, बारावी दुरुस्ती, २० डिसेंबर १९६१.

या एका वाक्यात तीन गाठी सुटल्या. १९६१ ची कारवाई मुक्ती की आक्रमण, हा वाद कागदावर आलाच नाही. भारताने मधल्या तेरा वर्षांत केलेले कायदे, दिलेले निवाडे, घेतलेल्या निवडणुका यांना पोर्तुगालच्या बाजूनेही आधार मिळाला, कारण मान्यता मागील तारखेपासून होती. आणि दादरा-नगर हवेलीचा १९५४ ते १९६१ हा विचित्र काळ, जेव्हा तिथे स्थानिक पंचायत कारभार पाहत होती, तोही जसाच्या तसा राहिला. त्या काळाचा शेवट कसा झाला तेही सांगण्यासारखे आहे. विलीनीकरणाचा करार दोन सरकारांत व्हायला हवा, म्हणून तिथले प्रशासक के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरते पंतप्रधान नेमले आणि त्यांनी पंडित नेहरूंबरोबर सही केली. कागद कायद्यात बसावा म्हणून किती जपावे लागते, याचा याहून चांगला नमुना नाही.

दुसऱ्या कलमाने संबंध पुन्हा सुरू झाले. तिसऱ्यात भारताने पोर्तुगीज भाषा, संस्कृती आणि तिथल्या धार्मिक व ऐतिहासिक वास्तू जपण्याचे मान्य केले. हरलेल्या देशाला घरी दाखवायला काहीतरी द्यावे लागते आणि ते देताना आपले काही जाऊ नये. हे कलम तसे आहे. मालमत्तेचे प्रश्न मात्र पुढच्या बोलण्यांवर सोडले, आणि जे पुढे ढकलले ते खरोखरच रेंगाळले.

त्यातला सोन्याचा प्रश्न सर्वांत जिव्हारी लागणारा. गोव्यातल्या बायकांनी बांकु नासिओनाल उल्त्रामारिनु या बँकेत दागिने तारण ठेवले होते. कोणाच्या पाटल्या, कोणाचे मंगळसूत्र. १९६१ च्या कारवाईआधी हे सोने लिस्बनला हलवले गेले. तह झाला, राजदूत आले, सोने आले नाही. ते परत आले १९९१ मध्ये, तीस वर्षांनी. लेकीच्या लग्नात घालायचे म्हणून सोडवून आणायचे होते, त्या लेकीलाही तोवर नातवंडे झाली असतील.

पुढच्या वर्षी, १९९२ च्या प्रजासत्ताक दिनाला, सोआरेस राष्ट्राध्यक्ष म्हणून प्रमुख पाहुणे होते. १९९४ मध्ये पणजीत पोर्तुगालचा वाणिज्य दूतावास उघडला. मूळचे गोव्याच्या घराण्यातले अंतोनिओ कोश्ता २०१५ मध्ये पोर्तुगालचे पंतप्रधान झाले आणि जानेवारी २०१७ मध्ये भारत दौऱ्यावर असताना त्यांनी प्रवासी भारतीय नागरिकत्वाचे कार्ड स्वीकारले. त्याच दौऱ्यात त्यांना सोआरेस गेल्याची बातमी कळली.

चांगले संबंध असतानाही कागद कसा अडवतो, हे मुंबई बॉम्बस्फोटांतला आरोपी अबू सालेम याच्या प्रकरणात दिसले. सप्टेंबर २००२ मध्ये तो लिस्बनला पकडला गेला, तेव्हा दोन देशांत प्रत्यार्पणाचा करारच नव्हता. पोर्तुगालमध्ये फाशी नाही आणि २५ वर्षांपलीकडे कैद नाही. म्हणून भारताला लेखी हमी द्यावी लागली, की यापेक्षा जास्त शिक्षा होणार नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये तो भारताच्या हवाली झाला. मग इथे त्याच्यावर काही जादा कलमे लावली गेली. प्रत्यार्पणाचा नियम असा, की ज्या गुन्ह्यांसाठी माणूस मागितला त्यांच्यासाठीच खटला चालवायचा. २०११ मध्ये लिस्बनच्या उच्च न्यायालयाने अटी मोडल्या म्हणून प्रत्यार्पण रद्द ठरवले आणि भारताला ती जादा कलमे मागे घ्यायची वेळ आली. जुलै २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की दिलेला शब्द केंद्र सरकारला पाळावा लागेल. बॉम्बस्फोटांत माणसे गमावलेल्या घरांना हे पटणे कठीण आहे आणि त्यांचा राग समजतो. पण ही हमी मोडली, तर पुढचा आरोपी कोणताही देश आपल्या हवाली करणार नाही.

आणि मग नागरिकत्व. पोर्तुगालच्या कायद्याने डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांचा हक्क राहिला आणि तो त्यांच्या मुला-नातवंडांपर्यंत जातो. पुण्यात स्थायिक झालेल्या कितीतरी गोवेकर घरांत आजीच्या जन्मदाखल्याची शोधाशोध यासाठीच चालते. क्रम चुकवून चालत नाही. आधी गोव्याच्या नोंदणी कार्यालयातून जन्मनोंदीची पूर्ण हस्तलिखित नक्कल, तिला तिकडे ‘तेओर’ म्हणतात. संक्षिप्त दाखला पुरत नाही. मग ती लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात उतरवून घ्यायची. त्यानंतर आजी-आजोबांचे लग्न, मग आईची किंवा वडिलांची नोंद, मग आपली. शेवटी ओळखपत्र आणि पासपोर्ट.

एक गोष्ट आधी नीट समजून घ्यावी. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. नागरिकत्व नियमांप्रमाणे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेणे हा ते नागरिकत्व घेतल्याचा निर्णायक पुरावा धरला जातो. त्यानंतर भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, मतदार यादीतले नाव जाते. भारतीय पासपोर्ट जवळ ठेवून प्रवास करणारे लोक पुढे दंडात आणि प्रवासी भारतीय नागरिकत्वाचे कार्ड नाकारले जाण्यात अडकतात. एजंट हे शेवटी सांगतो, ते पहिल्या दिवशी विचारावे.

पण बहुतेक अर्ज अडतात ते त्याच्या कितीतरी आधी, नावापाशी. पोर्तुगीज कारकुनाने कोकणी उच्चार कानाने ऐकून आपल्या लिपीत उतरवला. प्रभू झाले ‘पोरोबो’, पै झाले ‘पोय’, भट झाले ‘बोतु’. नोंद ‘पोरोबो’ची, शाळेचा दाखला ‘प्रभू’चा, आधार कार्डावर ‘प्रभु’, आणि लग्नानंतर पुण्यात आल्यावर आजीचे पहिले नावच बदललेले. या चारही कागदांवरची बाई एकच आहे, हे लिस्बनच्या टेबलावर सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, त्याचे पोर्तुगीज भाषांतर आणि अपोस्तिलचा, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा यासाठीचा, शिक्का लागतो. भाषांतर करणाऱ्याने पुन्हा एखादे अक्षर बदलले, तर कागद परत येतो आणि सगळे पहिल्यापासून.